रोझेलची मावशी

— द्वितीय वर्ष कला

अमेरिका म्हटली की आपल्या डोळ्यांपुढे न्यूयॉर्कच्या उंच इमारती उभ्या राहतात. त्या देशाविषयीचे आपले ज्ञान चित्रपट, वर्तमानपत्रे आणि हल्ली मोबाइल यांतून आलेले असते, व या तिघांनाही मोठ्या शहरांचीच ओढ फार. वस्तुतः अमेरिकन समाज घडला तो पुष्कळ अंशी लहान गावांतून. १८८० च्या शिरगणतीत तेथील शंभर माणसांपैकी जेमतेम अठ्ठावीस शहरांत राहत होती. निम्म्याहून अधिक वस्ती शहरी झालेली दिसते ती १९२० साली. त्यापूर्वीचे बहुसंख्य लोक शेतावर किंवा आपल्या सायखेड्यासारख्या, किंबहुना त्याहूनही लहान गावांत राहत. अशाच एका गावात १८८३ च्या उन्हाळ्यात एक मराठी मुलगी जवळजवळ चार महिने राहिली. गावाचे नाव रोझेल, राज्य न्यू जर्सी, आणि मुलीचे नाव आनंदीबाई जोशी. त्या पुढे डॉक्टर झाल्या हे आपण शाळेपासून ऐकत आलो आहोत. त्या चार महिन्यांविषयी मात्र फारसे कोणी बोलत नाही. गोष्ट सांगणारे कलकत्त्याहून बोट सुटली की थेट फिलाडेल्फियाच्या कॉलेजात जाऊन थांबतात. प्रस्तुत लेखात मधल्या त्या गावी थोडे थांबावयाचे आहे.

प्रथम आनंदीबाई तेथे पोहोचल्या कशा ते पाहू. ३१ मार्च १८६५ रोजी पुण्यात जन्मलेल्या यमुनेचे लग्न नवव्या वर्षी पोस्टखात्यातील गोपाळराव जोशी या बिजवराशी झाले आणि तिची आनंदी झाली. चौदाव्या वर्षी झालेले मूल दहा दिवसांत गेले. गोपाळरावांना पत्नीला शिकविण्याचा ध्यास होता. तो किती प्रेमाचा आणि किती हट्टाचा याविषयी आजही वाद आहेत, व ते लवकर मिटतील असे वाटत नाही. १८८० च्या सुमारास त्यांनी पत्नीच्या शिक्षणासाठी अमेरिकेतून काही साहाय्य मिळेल काय अशी विचारणा केली. ते पत्र रॉयल वाइल्डर या पाद्र्यांकडे गेले. वाइल्डर पूर्वी कोल्हापुरात होते आणि आता अमेरिकेत एक मिशनरी मासिक चालवीत. त्यांनी पत्र छापले आणि सोबत सल्लाही दिला की आधी ख्रिस्ती व्हा. गोपाळरावांना तो पटणे शक्यच नव्हते. खरे पाहता येथेच प्रकरण संपावयाचे.

परंतु रोझेल गावच्या थिओडिशिया कार्पेंटर या गृहिणी एके दिवशी दंतवैद्याकडे आपली पाळी येण्याची वाट पाहत बसल्या होत्या. समोर पडलेला त्या मासिकाचा अंक त्यांनी सहज चाळला आणि ते पत्र त्यांच्या नजरेस पडले. (जुने अंक फेकून न देता दवाखान्यात ठेवण्याच्या पद्धतीला मराठी स्त्रीशिक्षणाच्या इतिहासात एक ओळ द्यावयास हरकत नाही.) कार्पेंटरबाईंनी आनंदीबाईंना पत्र लिहिले. आनंदीबाईंनी उत्तर पाठविले. गोपाळरावांच्या बदल्या होत गेल्या तसा पत्ता बदलत राहिला, पण पत्रे थांबली नाहीत. आपल्या चालीरीती, सणवार, देवधर्म, बायकांची स्थिती, सारे या पत्रांतून रोझेलला जाऊ लागले. बंगालमध्ये असताना आनंदीबाईंची प्रकृती बिघडली, ताप आणि डोकेदुखी हटेना, तेव्हा कार्पेंटरबाईंनी तिकडून औषधे पाठविली. त्यांचा गुण आला नाही, तो भाग निराळा. याच पत्रांतून आनंदीबाई त्यांना ‘मावशी’ म्हणू लागल्या. प्रत्यक्ष भेट होण्यापूर्वी सुमारे तीन वर्षे हे नाते केवळ टपालावर जगले.

२४ फेब्रुवारी १८८३ रोजी श्रीरामपूरच्या कॉलेजात आनंदीबाईंनी इंग्रजीतून भाषण केले. हे श्रीरामपूर आपल्या शेजारच्या नगर जिल्ह्यातले नव्हे, बंगालमधले. आपण अमेरिकेला का जात आहोत, एकट्या का जात आहोत, हिंदू म्हणून जाऊन हिंदू म्हणूनच कशा परत येऊ, हे त्यांनी लोकांसमोर उभे राहून सांगितले. तेव्हा त्यांचे वय अठराला एक महिना कमी होते. ७ एप्रिलला त्या कलकत्त्याहून बोटीत बसल्या आणि ४ जूनला न्यूयॉर्कला उतरल्या. धक्क्यावर मावशी घ्यायला आल्या होत्या.

आता रोझेलविषयी. त्या काळी न्यूयॉर्कहून रोझेलला जायचे म्हणजे हडसन नदी फेरीबोटीने ओलांडून पलीकडे रेल्वे गाठावी लागे. नदीखालून बोगदा झाला तो १९०८ साली. सेंट्रल रेलरोडच्या मार्गावर एलिझाबेथ या जुन्या शहराला लागूनच रोझेल आहे. अशी कितीतरी गावे त्या काळात रेल्वेच्या आधाराने वाढली. पुरुषमंडळी सकाळच्या गाडीने शहरात कामाला जात व सायंकाळी परतत. आपल्याकडे सकाळच्या पहिल्या एस.टी.ने सातपूर-अंबडच्या कारखान्यांत जाणाऱ्या तरुणांची गर्दी ज्यांनी पाहिली आहे त्यांना हे चित्र परके वाटू नये. लाकडी घरे, घरापुढे हिरवळ आणि व्हरांडा, एक स्टेशन, एक पोस्ट, एखादे दुकान आणि चर्च, एवढा अशा गावांचा संसार. रोझेलला त्या वेळी स्वतंत्र नगरपालिकाही नव्हती. ते लिंडन नावाच्या मोठ्या हद्दीत मोडे, आपल्या गट-ग्रामपंचायतीतल्या वाडीसारखे. स्वतःचा कारभार त्याला १८९४ साली मिळाला. गावाचा जुना अभिमान म्हणजे अब्राहम क्लार्क. १७७६ च्या अमेरिकन स्वातंत्र्याच्या जाहीरनाम्यावर न्यू जर्सीतर्फे ज्या पाच जणांनी सह्या केल्या, त्यांपैकी हे एक.

परंतु १८८३ साली या लहानशा गावाला एक नवा अभिमान मिळाला होता, आणि तो मला फार महत्त्वाचा वाटतो. थॉमस एडिसनने सप्टेंबर १८८२ मध्ये न्यूयॉर्कच्या पर्ल स्ट्रीटवर वीजकेंद्र सुरू केले. तेथे तारा जमिनीखालून नेल्या होत्या. ते काम खर्चाचे. दाट वस्तीच्या महानगराला तो खर्च परवडेल, पण विरळ घरांच्या गावाला कसा परवडावा? त्यावर उपाय म्हणजे खांब रोवून त्यांवरून तारा ओढणे. हा प्रयोग एडिसनच्या कंपनीने केला तो रोझेलमध्ये, आणि १९ जानेवारी १८८३ रोजी तेथील दिवे लागले. एका केंद्रातून खांबांवरच्या तारांनी स्टेशन, दुकान, सुमारे चाळीस घरे आणि रस्त्यावरचे दिवे उजळले. तेथील प्रेस्बिटेरियन चर्चमध्येही त्याच साली विजेचे झुंबर लागले. आपल्या शिवारातून उसाच्या आणि द्राक्षबागांच्या डोक्यावरून जे खांब गेले आहेत, त्यांचे मूळ अशा गावात आहे. पाळीप्रमाणे रात्रीची वीज आली म्हणजे बॅटरी घेऊन पाणी भरायला निघालेल्या शेतकऱ्याला रोझेल हे नाव कोणी सांगितले, तर तो काय म्हणेल ते मी येथे लिहीत नाही.

आनंदीबाई तेथे उतरल्या तेव्हा या दिव्यांना पुरते पाच महिनेही झाले नव्हते. म्हणजे जगातील अतिनवीन वस्तू ज्या गावात नांदत होती, त्या गावात एक नऊवारी लुगडे नेसलेली, कपाळी कुंकू लावलेली, मांसमच्छी न खाणारी मुलगी येऊन राहिली. त्या दोन नव्या गोष्टींपैकी रोझेलकरांना कोणती अधिक नवलाची वाटली असेल, याचा ज्याने त्याने विचार करावा.

कार्पेंटरांच्या घरात आनंदीबाई पाहुणी म्हणून आल्या आणि घरच्या होऊन गेल्या. घरात मुली होत्या, त्यांच्याशी त्यांची गट्टी जमली. आपल्या पद्धतीचे जेवण त्यांनी त्या कुटुंबाला करून घातले. स्वतःचे खाणे, नेसणे, कुंकू, पूजा यांत कोणी आडकाठी केली नाही. ज्या देशातून ‘आधी ख्रिस्ती व्हा’ असे उत्तर आले होते, त्याच देशातील एका श्रद्धाळू ख्रिस्ती घराने या मुलीला धर्म बदलण्याची अट घातली नाही. मला वाटते, रोझेलची खरी थोरवी येथे आहे. शिवाय या चार महिन्यांत आनंदीबाईंचा एक प्रकारचा अभ्यासही होऊन गेला. कानावर सतत पडणारे इंग्रजी, अंगावर येणारी हवा, पैशाचा व्यवहार, नवराबायको एकाच टेबलाशी बसून जेवतात हे रोजचे साधे दृश्य, ही सारी शिकवणी त्यांना कॉलेजात पाऊल टाकण्यापूर्वी मिळाली. आपल्याकडे बारावीनंतर थेट शहरातल्या कॉलेजात जाऊन पडलेली मुले पहिल्या सहामाहीत का गांगरतात हे आपण पाहतोच. त्यांना मधले गाव मिळालेले नसते.

आता थोडे आपल्या गावाविषयी. आमच्या घरात बारावीच्या पुढे गेलेली मी पहिलीच. माझ्याबरोबर दहावी झालेल्या मुलींपैकी कोण पुढे शिकली आणि कोण घरी राहिली याचा मी मनाशी हिशेब करते, तेव्हा गुणांपेक्षा एक दुसरीच गोष्ट पुढे येते. जिची मावशी किंवा आत्या नाशिकला राहते ती नर्सिंगला गेली, फार्मसीला गेली. जिचे तेथे कोणी नाही ती आपल्या महाविद्यालयात आली किंवा तिचे लग्न झाले. आपले महाविद्यालय गावात निघाले नसते तर मीही दुसऱ्या यादीत असते. सायखेड्याहून चांदोरीचा पूल ओलांडला की नाशिकचा मोठा रस्ता लागतो. एस.टी.चा प्रवास फार नाही. पण २०१६ आणि २०१९ च्या ऑगस्टमध्ये गंगेला पूर आला, पूल पाण्याखाली गेला, तेव्हा पलीकडची चांदोरीसुद्धा परमुलखासारखी दिसत होती. एरवी पूल कोरडा असतो तेव्हाही काही मुलींना तो ओलांडता येत नाही. एम.ए.ला नाशिकला जायचे असे मी घरी बोलले. वडील ‘बघू’ म्हणाले. उन्हाळ कांद्याला भाव काय मिळतो यावर त्यांचे ‘बघू’ अवलंबून आहे हे मला कळते. आजीने मात्र एकच विचारले, “पण पोरी, राहशील कोणाकडं?” १८८३ साली कल्याणच्या जोशांच्या आप्तांनीही बहुधा हेच विचारले असेल, आणि आनंदीबाईंपाशी त्याचे उत्तर होते, मावशीकडे.

तेव्हा मुलींच्या शिक्षणाच्या प्रश्नावर बोलताना आपण फी, पुस्तके, परीक्षा यांविषयी बोलतो तितकेच या ‘कोणाकडं’विषयी बोलले पाहिजे. वसतिगृहे आहेत, परंतु जागा थोड्या आणि अर्ज फार. सायखेड्याची किंवा निफाड तालुक्यातली कितीतरी कुटुंबे आज नाशिकला स्थायिक आहेत. त्यांच्यापैकी दहा घरांनी जरी एकेक खोली नात्याबाहेरच्या मुलीसाठी मोकळी केली तर काय होईल, याचा विचार आपल्या महाविद्यालयाच्या माजी विद्यार्थ्यांनी अवश्य करावा.

असो. पुन्हा अमेरिकेकडे वळू. एका चांगल्या घरावरून सगळे गाव चांगले आणि एका गावावरून सगळा देश चांगला, असा हिशेब करणे भाबडेपणाचे होईल. आनंदीबाई पोहोचण्याच्या एकच वर्ष आधी, १८८२ साली, अमेरिकेने चिनी मजुरांना देशात येण्यास बंदी करणारा कायदा केला होता. एकीकडे आशियातील एका मुलीचे धक्क्यावर स्वागत आणि दुसरीकडे आशियातील हजारो कष्टकऱ्यांना दार बंद, या दोन्ही गोष्टी एकाच देशाच्या एकाच काळातल्या आहेत. दुसरे असे की ज्या कार्पेंटरबाईंनी एवढे धाडस दाखविले, त्यांना स्वतःला निवडणुकीत मत देण्याचा अधिकार नव्हता. गमतीची गोष्ट म्हणजे न्यू जर्सीत काही मालमत्ता असलेल्या अविवाहित व विधवा स्त्रियांना १७७६ पासून मत देता येत होते. १८०७ साली ते काढून घेण्यात आले, व पुन्हा मिळावयास १९२० साल उजाडावे लागले. आपल्या ग्रामपंचायतीत आज निम्म्या जागा स्त्रियांसाठी राखीव आहेत हे सांगितले असते तर मावशींना नवल वाटले असते. त्या जागांवरचा कारभार प्रत्यक्षात कोण पाहतो हे मात्र त्यांना सांगण्याची घाई करू नये.

अमेरिकेची ही दुसरी बाजू मराठीत स्पष्टपणे मांडली ती पंडिता रमाबाईंनी. आनंदीबाईंच्या पदवीदान समारंभासाठी त्या १८८६ च्या मार्चमध्ये इंग्लंडहून फिलाडेल्फियाला आल्या आणि नंतर सुमारे पावणेतीन वर्षे त्या देशात हिंडल्या. त्यांचे ‘युनायटेड स्टेट्सची लोकस्थिती आणि प्रवासवृत्त’ हे पुस्तक १८८९ साली मुंबईत प्रसिद्ध झाले. राज्यपद्धती, घरगुती रीती, शिक्षण, धर्मादाय संस्था, स्त्रियांची स्थिती असे विषय घेऊन त्यांनी तो देश मराठी वाचकांपुढे उभा केला आहे. तेथील स्त्रिया मंडळे स्थापून काम करतात याचे त्यांना मोठे कौतुक होते. मात्र काळ्या लोकांना मिळणारी वागणूक आणि मूळच्या रहिवाशांवर झालेला अन्याय यांविषयी त्यांनी गय केली नाही. परदेशाचे वर्णन कसे करावे याचा हा धडा आज परदेशी जाऊन छायाचित्रे पाठविणाऱ्या आपल्या बांधवांनी वाचण्यासारखा आहे.

१८८३ च्या शरद ऋतूत आनंदीबाई रोझेल सोडून फिलाडेल्फियाला गेल्या. पेनसिल्व्हेनियाचे स्त्रियांचे वैद्यकीय महाविद्यालय १८५० साली निघालेले होते. रेचेल बॉडली या तेथील डीन. कॉलेज चांगले, शिक्षक चांगले. पण राहण्याची खोली थंड, शेकोटी पेटविली तर धूर कोंडणार, न पेटविली तर थंडी. त्यातच शाकाहारी जेवणाची आबाळ. काष्ट्याच्या लुगड्यात पाय उघडे पडत, म्हणून त्यांनी गुजराती पद्धतीने लुगडे नेसावयास सुरुवात केली. प्रकृती वरचेवर बिघडू लागली. पुढे डीनबाईंनी त्यांना काही काळ आपल्या घरी ठेवून घेतले. सुट्टी लागली की त्या रोझेलला जात. हे वाचताना माझ्या लक्षात आले की वयाची एकोणिसावी वर्षगाठ झाल्यावर आनंदीबाईसुद्धा दुसऱ्याच वर्षात शिकत होत्या. त्यांचा आणि आपला अभ्यासक्रम मात्र एक नव्हे. ११ मार्च १८८६ रोजी त्यांना एम.डी. मिळाली. प्रबंधाचा विषय त्यांनी घेतला होता आर्य हिंदूंमधील प्रसूतिशास्त्र. दहा दिवसांचे मूल गमावलेल्या आईने हा विषय का निवडला असेल हे वेगळे सांगावयास नको.

मध्यंतरी, १८८५ साली, गोपाळरावही अमेरिकेत येऊन पोहोचले. ठिकठिकाणी व्याख्याने देऊन त्यांनी अमेरिकन समाजावर आणि ख्रिस्ती धर्मावर सडकून टीका केली. टीकेत तथ्य नव्हते असे नाही. परंतु ज्यांच्या घरचे अन्न आपली बायको खात होती त्यांना काय वाटेल याचा विचार त्यांनी करावयास हवा होता, असे माझे स्पष्ट मत आहे.

पुढचा भाग सर्वांना ठाऊक आहे. कोल्हापूर संस्थानच्या आल्बर्ट एडवर्ड इस्पितळात स्त्रियांच्या विभागावर त्यांची नेमणूक झाली. १८८६ च्या नोव्हेंबरात त्या मुंबईस उतरल्या त्या आजारी अवस्थेतच. कोल्हापूरचे काम हाती घेण्याइतकी ताकद त्यांच्या अंगात परत आलीच नाही. २६ फेब्रुवारी १८८७ रोजी पुण्यात त्यांचे निधन झाले, तेव्हा बाविसावे वर्षही पुरे झालेले नव्हते. अमेरिकेत कॅरोलाइन डॉल यांनी वर्षभरातच, १८८८ साली, त्यांचे चरित्र इंग्रजीत प्रसिद्ध केले. मराठीत काशीबाई कानिटकरांनी लिहिले. श्री. ज. जोशी यांची ‘आनंदी गोपाळ’ ही कादंबरी १९६८ ची. आपल्या ग्रंथालयातली तिची प्रत हाताळून हाताळून सुटी झाली आहे, तरी ज्यांनी वाचली नसेल त्यांनी जरूर वाचावी.

रोझेल आजही आहे. २०२० च्या शिरगणतीत तेथील वस्ती बावीस हजारांवर गेली. आनंदीबाईंची रक्षा गोपाळरावांनी कार्पेंटरबाईंकडे पाठविली. बाईंनी ती न्यूयॉर्क राज्यात, हडसन नदीकाठच्या पोकिप्सी येथे आपल्या कुटुंबाच्या दफनभूमीत ठेवली. तेथे त्यांच्या माणसांच्या ओळीत आनंदीबाईंचा दगड आहे. दगडावर त्यांचे नाव, नावापुढे एम.डी. आणि खाली १८६५ व १८८७ ही दोन साले कोरलेली आहेत.